चढायला दोन, उतरायला एक

जबल हफीतवर चढायला दोन लेन आहेत,
उतरायला एकच.
ज्यानं रस्ता आखला त्याच्या मनात काही नसणार,
पण परकार हे दर शुक्रवारी ऐकवायचा,
जणू आत्ताच लक्षात आलंय.

मी सायकलवर. पावणेदोन तास.
तो उशिरा निघून, अकराव्या वळणावर मला हॉर्न देऊन,
वर पार्किंगच्या कठड्यावर सुलेमानीचा थर्मास उघडून बसलेला.
"आलास? दाढी वाढली माझी."

आमचं भांडण उताराचं.
चढाचं नव्हतंच, तिथं इंजिन जिंकतं, विषय संपला.
उतारावर तुझ्याकडे आहे काय, तो विचारायचा,
बोटभर रबराचे दोन तुकडे आणि देव.
माझी गाडी रस्ता दाबून धरते.
दुसरा गिअर टाकला की इंजिनच घसा खाकरून मागे ओढतं,
ब्रेकला हातसुद्धा लावायला नको.

मी म्हणायचो, तेच वजन तुला वळणाबाहेर ढकलतं.
तुला आधी काटे दिसतात, आरसे, टाकी, मग रस्ता.
मी येताना प्रत्येक वळण घामानं पुसलेलं असतं.
बाविसाव्याला वाळू आहे. एकतिसाव्याला डांबराचं ठिगळ.
"मग काय, उताराला पावती दाखवणार?"

एकदा घड्याळ लावलं.
मी चाळीस सेकंद आधी पोचलो.
तो म्हणाला, हप्ते फिटायचेत गाडीचे,
जपून चालवतो.

हप्ते फिटले. व्हिसा संपला.
गाडी सनैयातल्या एका पेशावरी मेकॅनिकला विकली,
शनिवारी द्यायची.
त्या शेवटच्या शुक्रवारी थर्मासचं झाकण लावत तो म्हणाला,
"आण ती सायकल इकडे."

शाळेनंतर पहिल्यांदा बसत होता.
पायात चामडी चपला, माझ्या पेडलवर घसरणाऱ्या.
मी मागून त्याच्या मोटरसायकलवर.
लायसन्स होतं माझ्याकडे, सवय नव्हती.
मागच्या सीटला जाळीत अडकवलेलं दुसरं हेल्मेट,
बायकांच्या मापाचं,
नऊ वर्षांत प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

पहिली सात-आठ वळणं त्यानं ऐन वळणात ब्रेक दाबले.
मागून दिसत होतं, गुडघे बाहेर, मान आत.
मग थांबला. चाकाच्या कडेला बोट लावलं,
झटकन काढलं.
"तापलंय रे. पोराचं कपाळ तापतं तसं."
वळणाआधी दाब, मी म्हणालो, वळणात सोड.
"सोडू म्हणजे?"
सोड.

इकडे मी तीसच्या वर जायला तयार नव्हतो.
मांड्यांखाली पावणेदोनशे किलो,
आणि ते सगळं माझ्या उजव्या मनगटाच्या ऐकण्यात.
एका वळणावर गिअर उतरवला
आणि गाडी अशी मागे बसली
की कुणीतरी पाठीवर हात ठेवावा.
इतकी वर्षं हे तो मला सांगत होता,
आणि मी त्याला भौतिकशास्त्र सांगत होतो.

मान वर केली तर परकार पुढे नव्हता.
दोन वळणं खाली त्याचा पांढरा शर्ट, फुगलेला,
डावीकडे कलला, उजवीकडे कलला,
खडकाआड गेला.
आवाज नाही.
म्हणजे असेल, माझ्याच इंजिनाखाली दबलेला.

मी खाली पोचलो तेव्हा
तो मुबज्जराच्या गरम पाण्याच्या पाटात पाय सोडून बसला होता,
सायकल गवतावर आडवी, पुढचं चाक अजून फिरतंय.
कोण बरोबर, हे त्यानं विचारलं नाही. मीही नाही.
"साठ वळणं म्हणतात ना?"
हो.
"छत्तीसपर्यंत मोजली. मग राहिलंच."

बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाला,
"कुंभार्ली घाटात चालेल का रे अशी?"
ब्रेकचे रबर लवकर झिजतील, मी म्हणालो. ट्रक फार.
"ते आहेच."

मी किल्ली पुढे केली.
त्यानं हात पुसले, पण घेतली नाही लगेच.
आधी उठून जाळीतलं हेल्मेट सोडवलं,
काखेत धरलं,
आणि पेशावर्याला ते द्यायचं कबूल केलंय का,
ते आठवत उभा राहिला.